लाकूड हे मुद्दल : जुन्या नौकांच्या व वाड्यांच्या लाकडी अंतरंगावरील ग्रंथाची प्रस्तावना

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. पश्चिमेस सह्याद्रीची भिंत उभी, तिच्या पूर्वेस अकोल्यापासून जामखेडपर्यंत पसरलेला पर्जन्यछायेचा मुलूख, आणि ज्या पाण्याच्या आशेने येथील माणूस मृगापासून आकाशाकडे डोळे लावून बसतो ते पाणी नाव वल्हविण्याइतके तर सोडाच, पण पुष्कळ सालांत पिण्याइतकेही पुरत नाही. अशा प्रांतात जन्म काढलेल्या माणसाकडे, जुन्या शिडाच्या नौकांच्या अंतर्भागातील लाकूडकाम व जमीन पुन्हा उजळण्याच्या विद्येवरील ग्रंथासाठी प्रस्तावना मागण्यास ग्रंथकर्ते आले, तेव्हा त्यांचा पत्ता चुकला असावा, असेच मला प्रथमदर्शनी वाटले. हस्तलिखित चाळल्यावर मात्र कळले की पत्ता बरोबर आहे. ग्रंथाचा निम्मा संसार पाण्यावरचा असला, तरी उरलेला निम्मा आमच्याच मुलखातील वाड्यांच्या माड्यांवर, तक्तपोशींखाली आणि सुरूदार खांबांच्या आसऱ्याने मांडलेला आहे. आणि या दोन्ही संसारांचे गोत्र एकच आहे, हे दाखवून देणे हा ग्रंथकर्त्यांचा मुख्य हेतू आहे.

तसे पाहू गेल्यास समुद्राशी नगरचे नाते अगदीच नव्हते असे नाही. मलिक अहमदाने भिंगारच्या शेजारी १४९० साली वसविलेल्या या शहराची हुकमत एके काळी घाट उतरून चौलच्या बंदरापर्यंत पोहोचत होती. तेथील पोर्तुगीज ठाण्याला मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ मध्ये घातलेला वेढा निष्फळ ठरला खरा, परंतु घाटमाथ्यावरील तख्ताचे लक्ष बंदरावरील जकातीकडे किती होते, याची साक्ष त्या वेढ्याने कायमची नोंदवून ठेविली आहे. राजकारण बाजूस ठेविले तरी लाकडाचे नाते उरतेच. सह्याद्रीतील सागाचा ओंडका उतारावरून खाडीकडे गेला की त्याचे गलबत होई, आणि बैलांच्या खांद्यावर घाट चढून देशावर आला की त्याची तुळई होई. एका आईची दोन लेकरे, एक सासरी पाण्यात नांदलेले व दुसरे कोरड्यात. म्हातारपणी दोघांच्या अंगावरच्या सुरकुत्या मात्र सारख्याच पडतात, आणि त्या सुरकुत्यांवर हात कसा फिरवावा हाच या ग्रंथाचा विषय आहे.

या विद्येला मराठीत एकच सर्वमान्य असे नाव नाही. मेस्त्री ‘पॉलिश मारणे’ म्हणतात, रंगारी ‘हात देणे’ म्हणतात, आणि घरातील वडीलधाऱ्या बायका देव्हाऱ्यापासून पाटापर्यंत सर्वच लाकडी वस्तूंच्या बाबतीत ‘तेलपाणी करणे’ हा सुंदर शब्दप्रयोग करीत असत. ज्याला आपण रोगण म्हणतो त्या फारसी शब्दाचा मूळ अर्थही तेल एवढाच आहे. परंतु तेलपाणी करणे ही सुतारकी नव्हे आणि रंगकामही नव्हे. सुतार लाकडाला आकार देतो. रंगारी लाकूड झाकतो. आणि ही तिसरी कला लाकूड उघडे ठेवूनही त्याचे रक्षण करू पाहते. या तिसऱ्या कलेचे मर्म एका वाक्यात सांगावयाचे, तर मी आमच्या सावकारी परिभाषेचा आश्रय घेईन: लाकूड हे मुद्दल आहे आणि रोगण हे व्याज आहे. पायाची झीज, उन्हाची तिरीप, ओल्या वस्त्रांचे ठिबकणे, दिव्याची काजळी हा सारा रोजचा खर्च रोगणाने आपल्या अंगावर घ्यावा, आणि मुद्दलाला धक्का लागू देऊ नये, हीच त्याच्या जन्माची फलश्रुती. रोगण झिजते, पिवळे पडते, तडकते, ही त्याची उणीव नसून तेच त्याचे काम होय. आणि म्हणूनच, जे रोगण कधीच निघत नाही ते उत्तम, ही बाजारातील समजूत मला मुळापासूनच चुकीची वाटते. जे वेळ आली असता लाकडाला न दुखविता निघते आणि ज्याच्यावर पुढची पिढी दुसरा हात देऊ शकते, ते उत्तम.

नवागताने आरंभी एवढे ध्यानी धरावे की तोडलेले लाकूड मरत नाही, ते केवळ वाढावयाचे थांबते. हवेतील ओलाव्याबरोबर ते आयुष्यभर फुगते आणि आकसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच, पण रुंदीच्या दिशेने स्पष्टपणे. श्रावणात अडकणारे आणि वैशाखात फटी दाखविणारे दार ज्याने पाहिले आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको. सागाचे थोरपण असे की इतर पुष्कळ लाकडांच्या मानाने त्याची ही हालचाल अल्प असते, आणि त्याच्या अंगात निसर्गतःच तेल असल्यामुळे वाळवी व कूज त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. परंतु जो गुण तोच दोष होऊन उभा राहतो. हेच तेल वरून दिलेल्या व्हार्निशला धरू देत नाही. म्हणून जाणता कारागीर हात देण्यापूर्वी थिनरच्या फडक्याने सागाचा पृष्ठभाग पुसून घेतो आणि ते तेल पुन्हा वर येण्याच्या आत पहिला पातळ हात देऊन मोकळा होतो. त्यातच सागात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात, ते रंध्याची आणि पटाशीची धार पाहता पाहता बोथट करतात. सागावर काम करणाऱ्याचा निम्मा वेळ हत्याराला धार लावण्यात जातो, असे मेस्त्री म्हणतात, ते उगीच नव्हे.

आता वाडा व नौका यांत भेद कोठे पडतो ते पाहावे. आमच्या वाड्यात तळमजल्याची जमीन सारवणाची वा फरशीची, आणि लाकडी जमीन वर माडीवर, कड्यांवर टाकलेल्या पाटांची. म्हणजे लाकूड ओलाव्यापासून शक्य तितके दूर नेऊन ठेवलेले. नौकेत नेमके उलट. केबिनमध्ये पायाखाली येणाऱ्या फळ्यांच्या खाली नौकेच्या तळात साचणारे पाणी असते, वरून खलाशांचे ओले पाय असतात, आणि झरोक्यातून येणारे ऊन समुद्रावरून परावर्तित होऊनही आत शिरते. वाड्यातील फळी एका बाजूने झिजते, तर नौकेतील फळी दोन्ही बाजूंनी सडू शकते. म्हणून तिच्या वरच्या अंगाइतकेच खालच्या अंगाला आणि कापलेल्या कडांनाही रोगण पाजावे लागते, कारण कडेच्या उघड्या तंतूंमधून पाणी नळीतून चढावे तसे वर चढते. युरोपातील अभिजात नौकांच्या केबिनमध्ये सागाच्या काळसर फळ्यांमधून होली नावाच्या पांढऱ्या लाकडाच्या बारीक पट्ट्या बसविण्याची रीत आहे. ती केवळ शोभा नव्हे. हलत्या नौकेत मंद प्रकाशात पाऊल कोठे पडते हे त्या पट्ट्यांमुळे कळते. पुढे पुढे अखंड फळ्यांच्या जागी प्लायवूडवर चिकटविलेला सागाचा पातळ पापुद्रा आला, ज्याची जाडी पुष्कळदा एक मिलिमीटरही भरत नाही. आणि येथे आपला मुद्दल-व्याजाचा दृष्टांत एकदम कठोर होतो, कारण अशा जमिनीवर पॉलिशपेपर दोन वेळा जास्त फिरला की मुद्दलच संपते.

रोगणांचा इतिहास हा माणसाने झाडांकडून, किड्यांकडून आणि अखेर कारखान्यांकडून घेतलेल्या उसनवारीचा इतिहास आहे. सर्वांत जुनी घराणी दोन, तेलाचे आणि राळेचे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, आणि उकळून घेतले की हे काम लवकर करते. करडईचे तेलही वाळते, पण फार सावकाश. खोबरेल वाळतच नाही आणि शेंगदाण्याचे चिकट राहून धूळ धरते, हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्या देवघरांचे खांब आजही हाताला चिकटतात. आमच्या किनाऱ्यावरील नावांना बाहेरून माशाचे तेल चोपडण्याचा प्रघात होता, आणि राळ, चंद्रूस यांसारखे निर्यास तेलात शिजवून सांध्यांत व फळ्यांवर लावीत. तिसरे घराणे लाखेचे. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या एका बारीक किड्याचा हा स्राव. त्याची ज्वलनशीलता महाभारतकारांना ठाऊक होती, कारण लाक्षागृहाचे सारे कपट त्याच गुणावर उभारलेले आहे. हीच लाख शुद्ध करून तिची चपडी बनवावी, ती स्पिरिटात विरघळवावी आणि कापसाच्या बोळ्याने शेकडो वेळा फिरवीत आरशासारखी झळाळी आणावी, ही फ्रेंच पॉलिशची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात फोफावली. तिचा कच्चा माल आपल्याकडचा, तिची कीर्ती त्यांच्याकडची. फ्रेंच पॉलिश दिसावयास अप्रतिम आणि काढावयास सर्वांत सोपे, कारण स्पिरिटाचा ओला बोळा फिरविला की ते पुन्हा मऊ होते. मात्र गरम चहाचा पेला ठेवला वा पाणी साचले की पांढरा डाग पडलाच म्हणून समजावे. म्हणूनच नौकेत त्याची जागा कपाटांच्या आतील बाजूंपुरती आणि सुरक्षित फलकांपुरती राहिली, आणि पायाखाली तसेच उन्हात तेल व राळ यांचे लवचिक व्हार्निश आले, ज्याला डोलकाठी-परबाणांच्या लाकडावरून स्पार व्हार्निश असे नाव पडले.

विसाव्या शतकाने या तीन घराण्यांत चौथे आणून बसविले. १९२० नंतरच्या दशकांत नायट्रोसेल्युलोजची झटपट वाळणारी लॅकरे आली, दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलियुरेथेन आणि इपॉक्सी आले, आणि आपल्याकडील पॉलिशवाल्यांच्या तोंडी मेलामाइन व पीयू हे शब्द चपडीच्या जागी रुळले. या नव्या रोगणांची कठीणता वादातीत आहे. परंतु ती स्पिरिटाला दाद देत नाहीत. ती काढावयाची म्हणजे खरवडावी लागतात, आणि खरवडताना त्यांच्याबरोबर लाकूडही जाते. व्याज वसूल करताना मुद्दलावर जप्ती आणणारा हा व्यवहार आहे, असे मी म्हटले तर नव्या मताच्या कारागिरांनी रागावू नये.

या साऱ्या इतिहासात मुंबईचे स्थान एखाद्या टाचणाइतके नसून एका संपूर्ण प्रकरणाचे आहे. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी १७३६ पासून मुंबईत जहाजे बांधण्यास प्रारंभ केला, १७५० मध्ये तेथे सुकी गोदी झाली, आणि त्यांच्या वंशजांच्या हातून सागाची अशी जहाजे उतरली की ओकच्या लाकडाचा अभिमान बाळगणाऱ्या इंग्रज आरमारालाही सागाची थोरवी मान्य करावी लागली. १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह ज्या जहाजावर झाला ते कॉर्नवॉलिस मुंबईचे. आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईतच जलावतरण झालेले ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. त्याच्या दुरुस्तीचे काम गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाले. दोनशे वर्षे खाऱ्या वाऱ्यात उभे राहिलेले हे आपल्याकडचे लाकूड तिकडे सुखरूप असावे, आणि त्याच पिढीतील तुळया आमच्या गावात सरपणाच्या भावाने विकल्या जाव्यात, हा विरोधाभास ग्रंथकर्त्यांच्या मनाला लागून राहिलेला आहे, आणि तो ग्रंथभर कोठे ना कोठे डोकावतो.

जहाजाचे लाकूड जमिनीवर येण्याची कथाही जुनीच आहे. लंडनमधील लिबर्टी या प्रसिद्ध दुकानाची १९२४ मधील इमारत इंग्रज आरमाराच्या दोन मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाकडातून उभारली, आणि डेकच्या फळ्यांवरून आज गिऱ्हाइके चालतात. आपल्याकडे मुंबईच्या दारूखान्यात मोडलेल्या जहाजांचा साग घरांच्या दारखिडक्यांत गेला. ज्याला हाताखालच्या फळीचा पूर्वेतिहास वाचता येतो, त्याला जुन्या खिळ्याचे काळे भोक, मिठाने खाल्लेली कड, डांबराचा उरलेला ठिपका हे सारे दस्तऐवजासारखे बोलू लागते. आणि असा दस्तऐवज घासून गुळगुळीत करण्यापूर्वी तो एकदा वाचावा, एवढी सभ्यता तरी कारागिराने दाखवावी, असे हा ग्रंथ सुचवितो.

जुन्या लाकडाचे काय करावे, याविषयी स्थूलमानाने तीन संप्रदाय आहेत. पहिला नूतनीकरणाचा. वस्तू नवीन होती तेव्हा जशी दिसत असेल, किंबहुना दिसावयास हवी होती, तशी ती करून दाखविणे हे त्याचे ध्येय. फ्रान्सच्या व्हिओले-ल-द्युक या एकोणिसाव्या शतकातील वास्तुविशारदाने या मताला तात्त्विक प्रतिष्ठा दिली. दुसरा संप्रदाय त्याच्या विरोधातून जन्मला. विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये इंग्लंडात जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था स्थापिली तिचे टोपणनावच ‘खरवडविरोधी’ असे पडले होते, कारण चर्चच्या भिंतींवरील जुना गिलावा खरवडून काढण्याच्या तत्कालीन हौसेविरुद्ध तिचा मुख्य रोष होता. काळाने घातलेली भर ही वस्तूचाच भाग आहे, ती काढू नये, केवळ पडझड थांबवावी, हे या संप्रदायाचे सूत्र, आणि १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत त्याचेच प्रतिबिंब पडले. तिसरा संप्रदाय पूर्वेकडचा. जपानमध्ये इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्या लाकडात जसेच्या तसे बांधतात. जगन्नाथपुरीस नवकलेवराच्या वेळी देवाचे कडुनिंबाचे जुने शरीर जाऊन नवे येते, जसे २०१५ साली आले. येथे लाकूड बदलते, आणि टिकते ती कृती व ती जाणणारे हात. १९९४ मध्ये जपानमधील नारा येथे सिद्ध झालेल्या मसुद्याने या विचारालाही मान दिला.

आमच्या जिल्ह्याला या तिसऱ्या मताचे वावडे असण्याचे कारण नाही. ज्या अहिल्याबाईंचे नाव आता या जिल्ह्याने धारण केले आहे त्यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडीचा, आणि जीर्णोद्धार हा शब्द उच्चारताच महाराष्ट्राला प्रथम त्यांचेच स्मरण होते. परंतु जीर्णोद्धार म्हणजे पडलेले पुन्हा उभे करणे. जे अद्याप उभे आहे त्याला तो शब्द लावून ते पाडण्याची सोय करून घेणे, हा त्या पुण्यश्लोक नावाचा गैरवापर होय. नौकांच्या बाबतीत या तीन मतांचा झगडा अधिकच तीव्र होतो, कारण नौका ही संग्रहालयातील वस्तू नसून तिने माणसांना जिवंत किनाऱ्याला आणावयाचे असते; हे ध्यानी घेऊनच चालत्या जहाजांच्या जतनाविषयी युरोपात २००३ साली एक निराळी सनद संमत झाली. प्रस्तुत ग्रंथ या तिहींपैकी कोणत्याही एका मताचा झेंडा हाती घेत नाही. तो प्रत्येक फळीला एकच प्रश्न विचारतो: मुद्दल किती शिल्लक आहे?

या प्रश्नाचे मोल मला पुस्तकातून कळलेले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. आमच्या वडिलार्जित वाड्याच्या माडीवरील जमीन माझ्या हयातीत एकदा उजळली गेली. घरात कार्य होते, पाहुणे यावयाचे होते, आणि पिढ्यांच्या तेलाने, काजळीने व तळपायांनी काळवंडलेल्या त्या फळ्या मला लाजिरवाण्या वाटू लागल्या होत्या. विजेवर चालणारे घासण्याचे यंत्र घेऊन एक कंत्राटदार आला, दोन दिवस माडीवर भुशाचे ढग उठले, आणि तिसऱ्या दिवशी फळ्या नुकत्या कापून आणल्यासारख्या पिवळ्याधमक निघाल्या. सर्वांनी वाखाणणी केली, मीही केली. पुढे पावसाळ्यात तीन फळ्यांच्या सांध्याजवळच्या कडा उचकटल्या, कारण एकमेकींत अडकविलेल्या त्या कडांवरचे लाकूड आता कागदाइतके राहिले होते. दोष यंत्राचा नव्हता, त्या कंत्राटदाराचाही फारसा नव्हता. त्याला जे सांगितले ते त्याने केले. सांगणारा मी होतो. माडीच्या कोपऱ्यात एक शिसवी कपाट होते, ते चौघांनाही हलले नाही, म्हणून त्याच्याखालची जमीन तेवढी यंत्राच्या तडाख्यातून वाचली.

अशा चुका करणाऱ्यांची संख्या वाढत असताना हा ग्रंथ प्रसिद्ध होत आहे, हे त्याचे औचित्य. श्रीगोंद्यातील शिंद्यांचे वाडे असोत, राघोबादादांनी आपले अखेरचे दिवस जेथे काढले ते कोपरगाव असो, किंवा संगमनेर, नेवासे, अकोले येथील देशमुख-देशपांड्यांची, सावकारांची घरे असोत, लाकडी वाड्यांची परंपरा या जिल्ह्यात खोलवर रुजलेली आहे. इंग्रजी अमदानीत कोपरगावच्या वाड्याप्रमाणे काही वाड्यांत सरकारी कचेऱ्या भरू लागल्या. पुष्कळ वाड्यांच्या महिरपी व केळफुले ऑइलपेंटच्या थरांखाली दिसेनाशी झाली. आणि आता वाटण्या होऊन, माळवदे गळू लागून, वाडे पाडले जातात तेव्हा त्यांतील सर्वांत आधी विकले जाते ते लाकूड. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केल्यापासून जुन्या सागाचे मोल तर अधिकच वाढले. ज्यांच्या घरात तो आहे, त्यांना त्याची किंमत वखारवाला येतो तेव्हा प्रथम कळते.

दुसरीकडे, नौकांच्या जगात फायबरग्लासने लाकडाला जवळजवळ हद्दपार केल्यानंतर, लाकडाकडे पुन्हा वळण्याची एक चळवळ दिसते. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील जहाजाच्या चित्रावरून, खिळ्यांऐवजी काथ्याने फळ्या शिवून गोव्यात बांधलेले कौंडिण्य हे जहाज २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात बसून कोणा चित्रकाराने जहाज रंगवावे आणि दीड हजार वर्षांनी ते पाण्यावर यावे, हे वाचून देशावरच्या माणसाने जहाजांविषयी बोलू नये, हा माझा संकोच पुष्कळच ओसरला. पण त्याहून महत्त्वाचे हे, की तशी नौका बांधावयास काथ्याने फळ्या शिवणारे हात अद्याप देशात उरले होते म्हणूनच ती झाली. रोगणाच्या विद्येचेही तसेच आहे. चपडी बाजारात अजून मिळते. तिचा बोळा कोणत्या क्षणी उचलावा हे ज्याच्या मनगटाला ठाऊक आहे, तो मेस्त्री मिळणे दुर्घट होत चालले आहे.

ग्रंथाची मांडणी नवख्याला हाताशी धरून नेणारी आहे. कोणते रोगण आहे ते आधी ओळखावे, मग काढावयाचे की नाही ते ठरवावे, आणि शेवटी काढावयाचेच झाले तर किती, हा त्याचा क्रम. आणि हा क्रम उलटा करण्याचा मोह किती घातक आहे, हे प्रत्येक पायरीवर निदर्शनास आणून दिलेले आहे. कोपऱ्यातील, कपाटामागील, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटाचा एक थेंब टाकून चपडी आहे की तेल-व्हार्निश हे पाहण्यासारख्या लहानशा परीक्षा ग्रंथकर्ते अशा आस्थेने सांगतात की वाचकाने आपल्या घरातील एखाद्या जुन्या पेटीवर त्या लगेच करून पाहाव्यात. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात, म्हणून ती पसरून वाळवावी वा पाण्यात बुडवून ठेवावी. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून ते कोरडे घासून त्याची भुकटी श्वासात घेऊ नये. या सूचना त्यांनी परिशिष्टात न ढकलता आरंभीच दिल्या आहेत, हे मला विशेष आवडले. घर राखावयास निघालेल्याने घर जाळू नये.

एका ठिकाणी माझे आणि ग्रंथकर्त्यांचे जमत नाही, ते सांगितल्यावाचून ही प्रस्तावना प्रामाणिक होणार नाही. समुद्रावर जाणाऱ्या नौकेच्या जमिनीला ते इपॉक्सीचा थर देण्यास मोकळीक देतात. पाणी आत शिरले तर फळी कुजते, फळी कुजली तर पाय आत जातो, आणि पाय आत गेला तर तत्त्वज्ञान उपयोगी पडत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. माझे म्हणणे असे की लाकूड हलत राहते आणि हा कठीण थर हलत नाही. कोठेतरी केसाएवढी भेग पडते, तिच्यातून पाणी आत जाते, आणि मग तोच थर त्याला बाहेर येऊ देत नाही. आम्ही यावर दोन संध्याकाळी वाद घातला. शेवटी त्यांनी आपले मत कायम ठेविले, पण त्या प्रकरणात एक वाक्य वाढविले, की जेथे हा थर द्यावा तेथे तो फळीच्या सहाही अंगांना द्यावा, आणि दर वर्षी भेगा शोधाव्यात. मी एवढ्यावर समाधान मानले. समुद्र त्यांनी पाहिला आहे, मी पाहिला आहे तो गेटवेच्या कठड्यावरून.

हा ग्रंथ वाचून कोणी शिडाची नौका घेईल, अशी मला आशा नाही. पण एखादा वाचक आपल्या घरातील फळीकडे, चौकटीकडे, जिन्याच्या कठड्याकडे निराळ्या नजरेने पाहील, यंत्र बोलावण्यापूर्वी एक दिवस थांबेल, आणि त्या दिवसात स्पिरिटाचा एक थेंब टाकून पाहील, एवढे झाले तरी ग्रंथकर्त्यांचे श्रम सार्थकी लागले.

माझ्या माडीवरचे शिसवी कपाट पुढे धाकट्या भावाच्या वाटणीस गेले आणि सहा जणांनी ते उचलून नेले. त्याच्या जागी आता जमिनीत काळसर फळ्यांचा एक चौकोन आहे, सभोवतालच्या जमिनीहून रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतका उंच. नवीन पाहुण्याला ती उंची दिसत नाही. काळोखात पाण्याचा तांब्या घ्यावयास उठलो की माझा अंगठा मात्र त्याच्या कडेला अडखळतो, आणि त्या जमिनीतून मी किती उचलून खर्च केले, त्याचा आकडा मला रोज रात्री कळतो.